समुद्राच्या मोजमापाचं मोल किती, आणि ते कोणाच्या पदरात?

हिशेबनीस_भाटी (धागाकर्ता)

मी एका मच्छीमार सोसायटीचे हिशेब बघतो. डिझेलचा परतावा, बर्फाच्या पावत्या, कर्जाचे हप्ते. त्यामुळे 'समुद्राच्या माहितीमुळे देशाला अमुक कोटींचा फायदा' असं काही वाचलं की हात आपोआप वहीकडे जातो.

दिल्लीच्या एनसीएईआर या संस्थेचा २०२० चा अहवाल अनेकांनी बातम्यांत वाचला असेल. मान्सून मिशन (पावसाचा अंदाज सुधारायची सरकारी योजना) आणि त्यासाठी घेतलेले महासंगणक यांवर सरकारने साधारण हजार कोटी घातले आणि त्यातल्या एका रुपयामागे पन्नास रुपयांचा फायदा होईल, असं त्यांचं गणित. यातला सिंहाचा वाटा शेतीचा आहे, पण मासेमारांशीही ते बोललेत. विचारलेल्यांपैकी ८२ टक्के म्हणाले की निघण्याआधी समुद्राच्या स्थितीचा अंदाज बघतो.

समुद्राची ही माहिती येते इन्कॉइस या सरकारी संस्थेकडून. १९९९ पासून हैदराबादेत आहे. (हैदराबादला समुद्र कुठला, यावर हसून झालं असेल तर पुढे जाऊ.) उपग्रह पाण्याचं तापमान आणि पाण्यातला हिरवेपणा, म्हणजे क्लोरोफिल, बघतो. थंड आणि गरम पाणी जिथे एकमेकांना भिडतं तिथे बारीक खाद्य वाढतं, खाद्यामागे मासा येतो. त्यावरून 'संभाव्य मासेमारी क्षेत्र' काढतात आणि बंदरागणिक सांगतात: अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतके किलोमीटर, इतकी खोली. ढग असले की उपग्रहाला दिसत नाही, त्यामुळे सल्ला नाही. मासेमारीबंदीच्या काळातही नाही.

आता वही. आठ-दहा दिवसांच्या फेरीला निघालेल्या ट्रॉलरचा सगळ्यात मोठा खर्च डिझेलचा, आणि त्यातलं बरंच मासा शोधण्यात जळतं. शोध कमी झाला तर डिझेल वाचलं, इथवर कोणाचं दुमत नाही. पण वाचलेलं डिझेल जातं कोणाच्या खिशात? खलाशी महिन्याच्या पगारावर असतील तर सगळं मालकाच्या. खर्च वजा करून वाटणी होत असेल तर खलाशाच्याही वाट्याला चार पैसे येतात. आणि त्याच सल्ल्यावर बंदरातल्या निम्म्या बोटी गेल्या, सगळ्यांना बांगडा लागला, सगळ्या एकाच पहाटे ससून डॉकला टेकल्या, तर लिलावात भाव पडतो. मग फायदा गेला व्यापाऱ्याकडे, थोडाफार गिऱ्हाइकाकडे.

अहवालात एक आकडा असतो, वहीत पाच खाती. माझं म्हणणं इतकंच की ही माहिती फुकट मिळते, पण ती पाळायला पैसा लागतो. ज्याच्याकडे तो आहे त्यालाच पन्नास रुपये मिळतात. जाणकारांनी भर घालावी.

वेसावकर_नाखवा

चांगला धागा, दादा. पण हे क्षेत्रबित्र आम्हा डोलवाल्यांच्या कामाचं नाही, हे आधी लिहून ठेवा. ट्रॉलर म्हावऱ्यामागे धावतो. आमची डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं, समुद्रात खांब रोवून बांधलेलं. तिच्या तोंडात पाणी म्हावरं आणून घालतं. बोंबील, जवळा, करंदी सगळं पाण्याच्या ओढीवर. उधाणाला ओढ जोरात, तेव्हा धंदा. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी मरतं, तेव्हा जाळी शिवत बसायचं. मासा कुठे आहे हे मला उपग्रहाने सांगायची गरज नाही.

मला हवी ती वाऱ्याची आणि लाटेची बातमी. तीही आदल्या दिवशी. कारण डोल काढून आणायला वेळ लागतो, आणि नाही काढली आणि खवळलं तर जाळं फाटून जातं. एका जाळ्याचा खर्च निघायला अर्धा हंगाम जातो. तुमच्या वहीत 'न फाटलेलं जाळं' कुठल्या खात्यात लिहिता?

आणखी एक. घरातल्या बायका बोंबील वाळवायला वलांडीवर, म्हणजे आडव्या काठ्या-दोऱ्यांवर, टांगतात. एकेकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीने. दोन-तीन दिवस कडक ऊन मिळालं तर माल सोन्यासारखा. अवकाळी पाऊस आला तर त्याच मालाला वास सुटतो, किडे पडतात, आणि तो खताच्या भावाने जातो. पाऊस यायच्या आधी चार तास कळलं तरी माझी आई आणि काकी अर्धा माल उतरवून ताडपत्रीखाली घेतात. समुद्राच्या माहितीचा फायदा मोजायला कोणी आलं तर होडीवाल्याला विचारून जातात, वलांडीखाली उभ्या असलेल्या बाईला कोणी विचारत नाही.

हिशेबनीस_भाटी

@वेसावकर, 'न फाटलेलं जाळं' खरंच कुठल्याच खात्यात येत नाही. झालेलं नुकसान दिसतं, टळलेलं नाही. सुक्या मासळीचा मुद्दा तर माझ्या डोक्यातही आला नव्हता, कारण तो व्यवहार सोसायटीत येतच नाही, बायका परस्पर बाजारात करतात.

अर्धाकच्चा_अर्थशास्त्री

पुस्तकी भाषेत माहितीची किंमत म्हणजे दोन निर्णयांमधला फरक. माहितीशिवाय काय केलं असतं आणि माहिती मिळाल्यावर काय केलं, त्यातली तफावत. निर्णय बदललाच नाही तर माहिती कितीही अचूक असो, किंमत शून्य.

समजा इशारा आला आणि बोट थांबली. वादळ आलं: बोट वाचली. नाही आलं: दिवसाची कमाई बुडाली. दहा इशाऱ्यांत सात खोटे निघाले तर अकराव्याला कोणी भीक घालत नाही. म्हणून अंदाज सुधारण्याचा खरा फायदा वादळाच्या दिवशी जितका, तितकाच वादळ *नसलेल्या* दिवशी. विनाकारण घरी बसवलेल्या माणसांची कमाई वाचते. हे सहसा कोणी मोजत नाही.

भावाबद्दल एक उदाहरण. रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये केरळच्या मासेमारांवर अभ्यास प्रसिद्ध केला. १९९७ ते २००१ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल आला. त्याआधी एका बंदरात मासा फेकून द्यायची वेळ यायची आणि शेजारच्या बंदरात गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतायचं. फोन आल्यावर नाखवा समुद्रातूनच भाव विचारून बंदर ठरवू लागला. फेकणं जवळपास थांबलं, मासेमाराचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकासाठी भाव सुमारे ४ टक्क्यांनी उतरला. म्हणजे धागाकर्ते म्हणतात तसं फायदा गिऱ्हाइकाकडे गेला, पण मासेमाराचं त्यात वाकडं झालं नाही.

गिरगावकर_आजोबा

तुमचे उपग्रह तुम्हाला लखलाभ. आमच्याकडे भरतीची वेळ पंचांगावरून काढत. तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, सहाला भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला सव्वाअकरा. दर्यावर जायला आणखी काय लागतं?

मीठभाकर

आजोबांना नमस्कार. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याला खरंच बऱ्यापैकी लागू पडतो. २०२५ च्या अनंत चतुर्दशीनंतर लालबागच्या राजाचं विसर्जन गिरगाव चौपाटीवर तासन्‌तास रखडलं, ते आठवा. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, दुपारच्या आधी भरती. पाऊणपटीने हेच सांगितलं असतं.

पण तिथी सांगते चंद्र-सूर्याची भरती. वाऱ्याने लोटलेलं पाणी तिला माहीत नसतं. वादळात हवेचा दाब उतरला की पाणी चढतं, एका हेक्टापास्कलला साधारण एक सेंटीमीटर. त्यात वारा किनाऱ्याकडे असेल तर आणखी. शिवाय दूर दक्षिणेच्या महासागरात वादळ झालं तर तिथली लांब लाट काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येते, आपल्याकडे आभाळ निरभ्र असताना. केरळात तिला कल्लक्कडल म्हणतात. तिथी, पंचांग, आकाश, काहीच सांगत नाही. त्यासाठी पाण्यात बॉया, म्हणजे मोजमाप करणारं तरंगतं यंत्र, टाकूनच बसावं लागतं.

बोंबील_फ्राय

वाचतोय. भूक लागली.

जहाजी_निवृत्त

मासळीवरच गाडी अडकलीये, म्हणून बंदराचं थोडं. ३०० मीटर लांब, ४० मीटर रुंद कंटेनर जहाज घ्या. त्याचा पाण्यावरचा छेद दोन्ही टोकांना निमुळता, म्हणून आयताच्या आठ दशांश धरू. ९,६०० चौरस मीटर. जहाज एक सेंटीमीटर जास्त खोल बसलं तर सुमारे शंभर टन माल जास्त मावतो. एका डब्यात चौदा टन धरा, सात डबे झाले.

आता मुंबई आणि न्हावा-शेव्याला येणारी वाट गाळाची. मोठी जहाजं भरतीची वेळ साधून आत घेतात. तळाखाली किती पाणी सोडायचं हे ठरवताना पाण्याच्या उंचीची खात्री नसेल तर दहा-वीस सेंटीमीटर उगाच हातचे राखावे लागतात. पाण्याची पातळी मोजणारा मापक नीट असेल, लाटेचा आकडा ताजा असेल, तर तेवढंच पाणी वापरता येतं. वीस सेंटीमीटर म्हणजे एका जहाजामागे दोन हजार टन. गाळ काढण्याच्या खर्चाशी याची तुलना करा आणि मग सांगा मापक महाग की स्वस्त.

या माहितीचं पेमेंट करणारे ग्राहक इथे आहेत. मासेमाराकडून पैसे मागू नका, जहाजवाल्याकडून मागा, असं माझं मत. (जुने सहकारी हे वाचत असतील तर शिव्या देतील.)

आणखी एक जुनी गोष्ट. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं आदळली. शेकडो टन तेल सांडलं, डबे वाटेत तरंगू लागले, बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प. तेल पुढे उरण-अलिबागच्या बाजूला खाजणापर्यंत पोचलं. अशा वेळी पाण्याचा ओघ कुठे जाणार आणि तेल अडवायचे तरंगते अडसर कुठे लावायचे, हे पहिल्या काही तासांत ठरतं. प्रवाहाची नोंद रोज ठेवलेली असेल तरच त्या दिवशी उपयोगी पडते. अपघात झाल्यावर यंत्र विकत आणून उपयोग नाही.

पातमुख

पालिकेच्या पर्जन्यजलवाहिन्यांशी कामानिमित्त संबंध आला, म्हणून सांगतो. मुंबईत समुद्रात-खाडीत पाणी सोडणारी १८६ पातमुखं. त्यातली ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली, १३५ भरतीच्या पातळीखाली, आणि फक्त ६ कायम वर. म्हणजे भरतीला दारं बंद केली नाहीत तर समुद्र गटारातून शहरात येतो, आणि बंद केली तर पावसाचं पाणी आत तुंबतं. हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह इथली उदंचन केंद्रं, म्हणजे पाणी उपसायचे पंप, त्यासाठीच.

दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरवरच्या भरतीच्या दिवसांची यादी पालिका काढते. वर्तमानपत्रं ती छापतात, लोक मरीन ड्राइव्हला लाटा बघायला जातात. पण यादीतला आकडा कोष्टकातला, म्हणजे चंद्र-सूर्याचा. त्या दिवशी प्रत्यक्षात किती चढलं हे मापकच सांगतं. वीस सेंटीमीटर जास्त चढलं तर दारं किती वेळ बंद ठेवायची आणि पंप कधी लावायचे, सगळं बदलतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, कुलाब्याला शंभराच्याही आत. दुपारी भरती. मिठी नदीला माहीमच्या तोंडाशी वाटच नाही. त्यानंतर पर्जन्यमापकांचं जाळं वाढलं, २०२० मध्ये आयफ्लोज आलं, त्यात पाऊस आणि भरती दोन्ही धरून कुठल्या विभागात किती पाणी चढेल याचा अंदाज काढतात. माझ्या मते मुंबईत समुद्राच्या मोजमापाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मासेमारही नाही आणि जहाजही नाही. दर पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताच्या चौकातला दुकानदार आहे. त्याला ते ठाऊक नाही, इतकंच.

अपोलोबंदर_१८७८

नावावरून ओळखलं असेलच. अपोलो बंदराच्या भरतीमापकाची नोंद १८७८ पासून आहे. हिंदी महासागरात इतकी लांब नोंद क्वचितच सापडते. ती सुरू करणाऱ्या इंग्रजांना बंदराची कोष्टकं हवी होती आणि सर्व्हेला जमिनीची उंची मोजायला समुद्राची सरासरी पातळी. हवामानबदल हा शब्दही नव्हता. आज शंभर-सव्वाशे वर्षांत पाणी किती चढलं हे सांगायला तीच नोंद पुढे येते.

१९४५ च्या नोव्हेंबरात मकरानच्या किनाऱ्यावर भूकंप झाला आणि त्सुनामी मुंबईपर्यंत आली. इथे माणसं गेली. त्याची रेघ याच मापकाच्या कागदावर उमटली आणि पासष्ट वर्षांनी संशोधकांनी ती वापरली. आता अर्थशास्त्रीबुवांना विचारतो: १८७८ साली या कागदाची किंमत कशी लावली असती? 'कुठला निर्णय बदलतो' असं विचारलं असतं तर मापक तिथेच बंद पडला असता.

अर्धाकच्चा_अर्थशास्त्री

मान्य. पुढे काय उपयोग होईल ते आज माहीत नाही, म्हणून दार उघडं ठेवण्याचीही किंमत असते. आणि मोडलेली नोंद मागे जाऊन भरता येत नाही. रस्ता उशिरा बांधला तर उशिरा मिळतो. १९५० ची पातळी आज मोजता येत नाही.

कुलाबा_ते_कर्ला

बॉयांचं एवढं कौतुक चाललंय, तर त्यांचं काय होतं तेही बोला. पाण्यात काही तरंगत राहिलं की खाली मासा जमतो. मग होडीवाले तिथेच जातात, बॉयाला दोर बांधतात, जाळं अडकतं, तारा तुटतात. काही वेळा वरचे सौर पत्रे आणि बॅटऱ्याही गायब. बॉया सांभाळणाऱ्या चेन्नईच्या एनआयओटी या सरकारी संस्थेने याबद्दल वर्षानुवर्षं ओरड केलीय. ज्यांच्यासाठी बॉया, तेच तो मोडतात.

वेसावकर_नाखवा

'ज्यांच्यासाठी' हे कोणी सांगितलंय का कधी आम्हाला? पिवळा डबा पाण्यात दिसतो, एवढंच. त्याचा आकडा परत फिरून बंदरावर आला असता, 'आज तुमच्या समोरच्या बॉयावर लाट अडीच मीटर' असं, तर त्याला दोर बांधणाऱ्याला आमच्यातल्याच चौघांनी धरला असता. चोरीची बाजू घेत नाही. पण चोरी थांबवायचा स्वस्त उपाय तो आहे.

हिशेबनीस_भाटी

हेच. आकडा बंदरावरून वर जातो आणि परत यायला अडखळतो.

वर कोणीतरी खोट्या इशाऱ्यांचं लिहिलंय. त्यात माझ्या वहीतली एक गोष्ट जोडतो. हंगामाच्या सुरुवातीला बऱ्याच मालकांनी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते. माल त्यालाच द्यायचा, भाव तोच ठरवणार. डिझेल भरलंय, बर्फ टाकलाय, तांडेल (बोटीचा म्होरक्या) आणि खलाशी बोलावलेत. अशात इशारा आला तर थांबायचा खर्च एका दिवसाचा नसतो: बर्फ वितळतो, खलाशांचं जेवण चालूच, आणि व्यापाऱ्याचा फोन. ज्याच्यावर उचल नाही तो इशारा ऐकतो. उचल असलेला आभाळाकडे बघतो आणि म्हणतो, जाऊ. दोघांकडे फोन तोच, संदेश तोच.

म्हणून मला वाटतं, इशाऱ्याच्या दिवसाची थोडी भरपाई, अगदी बर्फाच्या पैशाइतकी, दिली तर नवीन बॉयाइतकाच फायदा होईल.

मीठभाकर

भरपाई दिली की बोटी बंदरात बांधून पैसे उचलणारेही निघतील.

हिशेबनीस_भाटी

निघतील की. डिझेलच्या परताव्यातही निघतात. म्हणून परतावा बंद केला का?

खारदांडा_मुलगी

किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर मोबाइलची रेंज संपते, हे कोणीच लिहिलं नाही. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा कोकणातल्या बोटी बाहेर होत्या, कितीतरी माणसं परत आली नाहीत. २०१७ ला ओखीत केरळ-तमिळनाडूवर तेच. त्यानंतर २०१९ मध्ये जेमिनी नावाचं यंत्र आलं, गगन या उपग्रहप्रणालीवरून संदेश घेणारं. पण ते एकतर्फी, बोटीवरून उलट काही कळवता येत नाही. 'वादळ येतंय' हे कळतं, 'आमचं इंजिन बंद पडलंय' हे कळवता येत नाही.

तौक्ते वादळाच्या वेळी, १७ मे २०२१ ला, कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेला. इशारे कित्येक दिवस आधीपासून होते. तरी पी-३०५ बार्ज आणि वरप्रदा टग मिळून ८६ माणसं गेली. चूक कोणाची यात मी पडत नाही. त्या दिवशी माहिती कमी नव्हती, इतकंच म्हणते.

अर्धाकच्चा_अर्थशास्त्री

@हिशेबनीस, तुमच्याकडे बर्फाच्या पावत्या तारखेनिशी आहेत ना? मग हा प्रश्न तुमच्याच कपाटात सुटतो. इशाऱ्याच्या तारखा काढा आणि त्या दिवशी कोणत्या बोटींनी बर्फ उचलला ते बघा. उचल असलेल्या आणि नसलेल्या वेगळ्या करा. नावं गाळून टाका इथे. तुमचा मुद्दा खरा असेल तर फरक दिसेल.

हिशेबनीस_भाटी

करता येईल. ऑगस्टपासूनच्या पावत्या आहेत. उचलीची नोंद मात्र सोसायटीत नसते, ती तोंडी. विचारून भरावी लागेल, आणि सगळे खरं सांगतीलच असं नाही.

वेसावकर_नाखवा

बर्फावर जाऊ नका. बर्फ आदल्या रात्री भरतात, इशारा येतो दुपारी. बर्फ घेऊन थांबलेला पण दिसेल 'गेला' म्हणून. डिझेल बघा, नाहीतर मासळी कधी उतरवली ते बघा. आणि डोलवाल्यांना यातून वगळा, आम्ही बर्फ नेतच नाही, संध्याकाळी घरी असतो.

हिशेबनीस_भाटी

बरं झालं बोललात. मग मासळी उतरवल्याच्या तारखा धरतो. परवा ऑडिटवाले येऊन जाऊ देत, मग बसतो.